दोन गाण्यांच्या मधली बडबड

रोहिणीला स्वस्थ म्हणून बसवत नसे. कुकरची शिट्टी होईपर्यंत ती अर्धं घर झाडून काढायची. नाशिकरोडच्या त्या वसाहतीत तिच्या घाईची टिंगल व्हायची खरी, पण कुणाचं काही अडलं की पावलं तिच्याच दाराकडे वळायची.

यंदा भीमजयंतीच्या मंडळाने तिच्याकडे तिच्या वडिलांची गाणी मागितली. कारभारीअण्णा म्हणजे एके काळी गायन पार्टीचा मुख्य आवाज. सटाण्यापासून पिंपळगावपर्यंत त्यांची भीमगीतं गाजलेली. अण्णा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या बुरशी धरलेल्या कॅसेटी रोहिणीने मागेच एका दुकानात देऊन कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या. एकदाच वाजतील, असं दुकानदाराने बजावलं होतं आणि झालंही तसंच. पण त्या वेव्ह फायली इतक्या अवजड, की लॅपटॉप टेकीला आलेला. मंडळाला तर हव्या होत्या सुटसुटीत एमपीथ्री.

रविवारी सकाळी ती कामाला बसली. बसली म्हणजे काय, एक पाय खुर्चीवर आणि एक जमिनीवर. फायली बदलता बदलता तिच्या लक्षात आलं, की दोन गाण्यांच्या मधे अण्णा माइकवर बरंच बोलतात. बक्षीस देणाऱ्यांची नावं, ढोलकीवाल्याची चेष्टा, असलंच काहीबाही. मिरवणुकीत ही बडबड कोण ऐकणार? पडद्यावर आवाजाची रेघ जिथे बारीक दिसली, तिथे तिने न ऐकताच कात्री चालवली. मग मूळ फायली पुसल्या, रिसायकल बिनही रिकामी केली आणि आईला हाक मारली.

शकुबाई ओले हात पदराला पुसत आली. दोन गाणी तिने मान डोलवत ऐकली. तिसरं सुरू झालं तशी म्हणाली, "मधलं कुठंय? ते बोलतात ते?"

काढून टाकलं, उगाच जागा खात होतं, असं रोहिणीने सांगितलं. आई नुसती लॅपटॉपकडे बघत राहिली. रोहिणीने दुकानदाराला फोन लावला, पण त्याने त्या फायली केव्हाच उडवल्या होत्या. जुना पेनड्राइव्ह सापडतो का म्हणून कपाट पालथं घातलं. पुसलेलं परत आणणारं सॉफ्टवेअर लावलं, तर त्याने फायलींची नावं तेवढी दाखवली. उघडल्यावर नुसती खरखर. ती पुन्हा पुन्हा तेच करत राहिली. ताटं वाढलेली तशीच निवली.

"काय होतं गं त्यात?" तिने शेवटी विचारलं.

"कार्यक्रम लय लांबायचा. तू माझ्या मांडीवर झोपून जायची," आई म्हणाली. "मग ते माइकवरूनच सांगायचे, शकू, पोरीला गार लागंल, शाल टाक तिच्यावर. सगळा मांडव हसायचा."

निवलेली ताटं उचलत ती म्हणाली, "गाणी काय, समद्या वस्तीची हायेत. तेवढंच आपलं होतं."