काजळी लागलेलं कॅनबेरा

महागावात माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. दुकानाच्या मागच्या खोलीत, युरियाच्या पोत्यांआड, मी गेली दोन वर्षं एक बॉम्बफेकी विमान बनवत होतो. एकाहत्तरच्या लढाईतलं कॅनबेरा, अठ्ठेचाळीसपट लहान. पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हातभर भरेल एवढं. खिळ्याच्या डोक्यापासून चाकाच्या झाकणापर्यंत सगळं खऱ्यासारखं असायला हवं, हा माझा हट्ट होता.

गिऱ्हाइकं माना लांब करून आत बघायची.

“हे फवारणीचं ड्रोन हाये का?”

“नाही.”

“टाकी किती लिटरची?”

“टाकी नाही. हे बॉम्ब टाकते.”

“अळीवर?”

अशा माणसाला काय बोलणार? मी त्याला पिशवी देऊन वाटेला लावायचो. तालुक्याच्या गावात कोणी काही वेगळं करायला बसलं की दोनच प्रश्न येतात: याचा उपयोग काय, आणि हे तुले कोण सांगतलं? मला कोणीच सांगितलं नव्हतं. मी हे माझ्या बापाला गप्प करण्यासाठी करत होतो.

बाबा हवाई दलात इंजीन फिटर होते. विमानाला ते आजही जहाज म्हणतात, तिकडे सगळे तसंच म्हणत. लढाईत ते विशीतले होते. रात्री बॉम्ब टाकून आलेलं कॅनबेरा त्यांच्या ताब्यात यायचं आणि त्यांनी होकार दिल्याशिवाय पुन्हा उडायचं नाही. निदान ते तसं सांगतात. नोकरी संपवून ते गावी आले तेव्हा मी शाळेत होतो. जहाज मागे राहिलं आणि तपासणी मात्र घरी आली. रोज सकाळी माझी सायकल अंगणात उभी करायची. बाबा चेन बघणार, ब्रेक दाबणार, हवा बघणार आणि म्हणणार, “गलत.” काय गलत ते सांगायचे नाहीत. ते आपण शोधायचं. सापडलं नाही तर शाळेत पायी.

सायकलीवरून ते माझ्या मार्कांवर आले, मार्कांवरून दुकानावर. माझ्या लग्नात लोक अक्षता धरून उभे असताना त्यांनी मांडवाचा खांब हलवून पाहिला आणि “गलत” म्हणाले. सासरच्या मंडळींचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. पन्नाशीला टेकलो, पण या माणसाच्या तोंडून ‘बरोबर’ हा शब्द मी ऐकला नव्हता. माझ्यासाठी नाही आणि दुसऱ्या कोणासाठीही नाही.

मग काचबिंदू निघाला. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजवा डोळा गेला आहे, डावा चालला आहे. थेंब टाकत राहा, पण गेलेली नजर परत येत नाही. डाव्या डोळ्याला उन्हात अजून दिसत होतं, सावलीत काही नाही. एसटीने परत येताना मला वाटलं, आता तरी हा माणूस मऊ पडेल. बाबा खिडकीशी कान लावून बसले होते. आर्णी यायच्या आत त्यांनी उठून ड्रायव्हरला सांगितलं की तुझ्या इंजिनाचा आवाज गलत आहे. ड्रायव्हर काय म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि मला तो मनापासून आवडला.

त्याच प्रवासात मी ठरवलं, हा माणूस आंधळा व्हायच्या आत याच्याकडून एकदा ‘बरोबर’ वदवून घ्यायचं. त्यात प्रेम वगैरे नव्हतं. जिद्द होती आणि खरं सांगायचं तर सूड होता. आणि हा सूड त्यांच्याच अंगणात उगवायचा होता. दुकानातलं किंवा शेतातलं काही दाखवलं असतं तर ते म्हणाले असते, मले त्यातलं काय समजते. कॅनबेरातलं समजत नाही असं ते कोणत्या तोंडाने म्हणणार?

परदेशातून विमानाच्या सुट्या भागांचा खोका मागवला. आतलं विमान निघालं इंग्रजांच्या जुन्या जातीचं. त्यात पायलटच्या डोक्यावरचा काचेचा घुमट मधोमध होता. आपल्याकडच्या जहाजाचा घुमट डाव्या अंगाला असतो आणि नॅव्हिगेटर पुढे काचेच्या नाकात बसतो. मी नाक कापून टाकलं आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं नवं केलं. थंड पेयाच्या बाटलीचा तुकडा गरम करून सागाच्या ठोकळ्यावर ओढला आणि घुमट काढला. चार घुमट जळाले, बोटं भाजली. पाचवा जमला तेव्हा मी एकटाच पोत्यांमध्ये उभा राहून हसलो.

ते कच्चं विमान मी भर दुपारी अंगणात बाबांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते डाव्या डोळ्यासमोर धरलं, मग डोळा मिटून बोटं फिरवली, शेपटापासून नाकापर्यंत.

“गलत.”

काय गलत, ते याही वेळी सांगितलं नाही. पन्नाशीच्या माणसाला पुन्हा सायकलीसमोर उभं केलं होतं. जुने फोटो धुंडाळण्यात माझे कित्येक आठवडे गेले. शेवटी सापडलं. नॅव्हिगेटरचं आत शिरायचं दार उजव्या अंगाला असतं, मी ते डाव्या अंगाला कोरलं होतं. मी दार बुजवलं, दुसरं कोरलं आणि कोरताना बाबांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

दुसऱ्या वेळी रंग देऊन नेलं. हिरवा आणि मातकट, मशीनने मारलेला, एकसारखा.

“गलत,” बाबा म्हणाले आणि या खेपेला चक्क पुढे बोलले. “एवढं चिकनं? आमी हातानं ब्रश मारले, घाईघाईत. अन् काजळी कुठं हाये?”

मी मोबाईलवर फोटो मोठा करून त्यांच्या डोळ्याला लावला. “या फोटोत कुठं हाये काजळी?”

“हे फोटोसाठी उभं केलेलं जहाज हाये. कामाचं जहाज असं नसते. स्टार्टरात काडतूस फुटे, भस्सकन काळा धूर निघे. इंजिनाची खालची बाजू काळीभोर होऊन जाये. तुया जहाजानं त लढाईच पायली नाही.”

म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. रंग खरवडला, ब्रशने दिला, पाण्यात कालवलेला. त्यावर काजळी हवी होती तेलातली, म्हणजे ती हळूहळू पसरवता येते. बाजारचा काळा रंग नको वाटला. दिव्यावर ताटली धरून मी खरी काजळी धरली आणि तेलरंगात घोटली. बायको दारात उभी राहून बघत होती.

“ज्या माणसाले दिसतच नाही, त्याच्यासाठी रंग कायले लावून राह्यले तुमी?”

मी तिच्यावर खेकसलो. प्रश्न बरोबर होता म्हणूनच खेकसलो. भाद्रपदात बाबांनी कपाऐवजी टेबलावर चहा ओतला होता आणि पुसणाऱ्या सुनेला म्हणाले होते की टेबल सरकवलं कोणी. मला दिवस पुरत नव्हते आणि ते कधी अंधारतील ते कोणालाच माहीत नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी काजळी पुरी झाली. दोन्ही इंजिनांखाली काळे ओघळ, मागे धुराचा पट्टा, चाकांपाशी गळलेल्या तेलाचे डाग. मी आजवर हातांनी केलेल्या सगळ्या कामांत ते सर्वांत चांगलं होतं, हे मी न लाजता सांगतो. ते बैठकीच्या टेबलावर सुकत ठेवलं. सकाळी दुकानाची पूजा उरकून यायचं, अंगणात ऊन आलं की बाबांच्या हातात द्यायचं आणि समोर उभं राहायचं, असं ठरवलं होतं.

आमच्याकडे दसऱ्याला घरातलं प्रत्येक यंत्र धुऊन पूजेला मांडतात. मी आपट्याची पानं घेऊन परत आलो तेव्हा अंगणात मोटरसायकल न्हाऊन उभी होती. तिच्याशेजारी फवारणीचा पंप, विळे, बायकोची शिलाई मशीन. बाबा उन्हात खुर्ची टाकून बसले होते. पायाशी वाटीत डिझेल, हातात जुन्या बनियनचं फडकं आणि मांडीवर माझं कॅनबेरा. उजवं इंजीन लखलखीत झालं होतं. फडकं काळंभोर.

“बाबा! काय करून राह्यले तुमी?”

“मले दिसत नाही. तुले त दिसते.”

“ती काजळी मी लावली होती! तुमीच सांगतली होती लावाले!”

“सांगतली होतीच. लागली बरोबर. मंग आता पूस.”

पन्नास वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो असा आला, जाता जाता, माझ्यावर डाफरताना. आपण तो बोललो हे त्यांच्या गावीही नव्हतं. मला ती डिझेलची वाटी त्यांच्या अंगावर उपडी करावीशी वाटली. बायको बघते आहे, शेजारी बघताहेत, सण आहे, कशाचीही मला फिकीर नव्हती.

“जलमभर गलत, गलत! आज बरोबर झालं, त तेही पुसून टाकलं तुमी! काहून?”

बाबा चिडले नाहीत. ते इंजिनाच्या खालच्या बाजूवरून अंगठा फिरवत होते, एखादी फट लागते का बघत.

“काजळीखाली भेग दडते,” ते म्हणाले. “रात्री जाऊन आलेलं जहाज सकाळी पुसा लागते. पुसल्याबिगर मी एकही सोडलं नाही. अन् दसऱ्याले मळकं ठेवशीन का पुजेत?”

“हे जहाज कुठं गेलं नाही, बाबा. हे प्लॅस्टिक हाये.”

“जाऊन आलेलं हाये,” ते म्हणाले. “माहा हात सांगते.”

मी तसाच उभा होतो, मुठीत आपट्याची पानं चुरगळत. राग गेला नव्हता. तो आजही गेलेला नाही, कित्येक महिन्यांचं काम वाटीभर डिझेलात गेलं, ते कसा विसरेन? बाबांनी विमान फिरवलं, डावं इंजीन डोळ्यापाशी नेलं, मग थोडं लांब, मग पुन्हा जवळ. डोक्यावर लख्ख ऊन होतं. त्यांनी मान वर करून विचारलं, “आभाळ आलं का?”

“नाही,” मी म्हणालो.

त्यांनी विमान हळूच मांडीवर टेकवलं. मग फडकं घडी घालून, स्वच्छ बाजू वर करून त्यांनी समोर धरलं, मी उभा होतो त्याच्या वीतभर बाजूला.

“धर. डावं तू घे.”

मी सरकून फडकं घेतलं आणि त्यांच्या पायाशी बसलो. विमान त्यांनी धरून ठेवलं आणि मी पुसू लागलो. मी लावलेले ओघळ एकेक करून जात होते, आणि जिथून फडकं फिरे तिथून मागोमाग त्यांचा अंगठा फिरे. बायको हळदी-कुंकवाचं ताट घेऊन बाहेर आली.

“मामाजी, करू का पूजा?”

“थांब, सूनबाई,” बाबा म्हणाले. “पोराचं इंजीन बाकी हाये.”