टिकाऊ वकील

लग्न होऊन चौक गावाजवळच्या एका खेड्यात मी सासरी आले, त्याला चार-पाच वर्षं झाली असतील. तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, मृत्युपत्र करायचं मनावर घेतलं. प्रकृतीला त्यांच्या काहीही झालेलं नव्हतं. सकाळी उठून बांधावरून लांबलचक चक्कर मारून यायचे आणि आल्याबरोबर तांदळाच्या भाकऱ्यांवर ताव मारायचे. पण लोधिवलीच्या त्यांच्या एका स्नेह्याचं निधन झालं आणि त्याच्या मृत्युपत्रावरून घरात रणकंदन माजलं. ज्या वकिलाने ते लिहिलं होतं, तो बिचारा स्नेह्याच्या आधीच गेलेला. त्यामुळे "वकीलसाहेब मला स्वतः म्हणाले होते" असं प्रत्येक मुलगा छातीवर हात ठेवून सांगू लागला, आणि खरं काय ते विचारायला कोणी उरलं नाही.

मामंजी तिथला तमाशा बघून घरी आले, ओटीवर बसले आणि म्हणाले, "वकील हुशार नसला तरी चालेल. टिकाऊ पाहिजे."

सासूबाईंना ही गोष्टच मुळी पसंत नव्हती. मृत्युपत्र हा शब्द घरात उच्चारायचा नाही, अशी त्यांनी सगळ्यांना ताकीद दिली. "देवासमोर दिवा लागतो या घरात. काही बोलायचंच असलं तर कार्य म्हणा." झालं! त्या दिवसापासून आमच्याकडे 'कार्य' निघालं. गडीमाणसंही एकमेकांना विचारू लागली, "अण्णांच्या कार्याचं कुठवर आलं रं?"

मामंजी पहिल्यांदा खालापूरच्या एका वकिलाकडे गेले. सोबत आमच्या शेजाऱ्याला नेलं. हे शेजारी बैलांचे पारखी. आसपासच्या गावांत कोणीही बैल घेतला तर आधी यांना दाखवायचा, असा रिवाज होता. मामंजींचं म्हणणं, पारख ती पारख. बैलाची काय नि वकिलाची काय. माझे यजमानही बरोबर गेले होते. घरी येऊन त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना माझ्या हातातलं सूप खाली पडलं.

वकील वयस्कर होते. त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "काय अण्णा, प्रकृती कशी आहे?"

"माझी उत्तम," मामंजी म्हणाले. "तुमची?"

"जरा खोकला असतो."

मामंजींनी शेजाऱ्यांकडे पाहिलं. शेजाऱ्यांनी हळूच मान हलवली. दोघेही उठून चालू लागले.

मग कोणीतरी कर्जतच्या एका तरुण वकिलाचं नाव सुचवलं. कचेरीजवळ नुकतंच बिऱ्हाड केलेला, शिक्षणापायी लग्न लांबलेला, सरळ मुलगा. यजमान त्याला बोलावणं करायला गेले. आईची ताकीद त्यांच्या मनात इतकी मुरलेली की तिथेही ते म्हणाले, "आमच्या घरी एक कार्य करायचं आहे. वडिलांनी तुम्हाला बघायला, म्हणजे भेटायला, जेवायलाच बोलावलंय."

तो आला तो कोशा धोतर, नवा अंगरखा आणि कडक पगडी घालून. मी माजघराच्या दारामागून बघत होते. गोरापान, सडपातळ, मान खाली घालून बोलणारा. मामंजींनी पाणी प्यायलाही उसंत दिली नाही.

"वडील आहेत?"

"आहेत."

"वय?"

"साठीच्या पुढे."

"आणि आजोबा?"

"ते गेले. ऐंशी ओलांडल्यावर. आंबे उतरवताना झाडावरून पडले."

"म्हणजे आजाराने नाही!" मामंजी इतक्या आनंदाने ओरडले की पोरगा दचकला.

शेजारी त्याच्याभोवती एकदा फिरले. "सायब, अंगणात जरा चालून दावा की." तो चालला. "आता बिगीबिगी." तो बिगीबिगी चालला. "हसा बरं." तो लाजून हसला. शेजाऱ्यांनी वाकून त्याचे दात पाहिले आणि मामंजींच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "घ्या अण्णा. जनावर सरळ हाय."

मला वाटलं आता हा चिडून जाणार. पण तो चिडला नाही. उलट कान लाल करून बसून राहिला. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

जेवायला मी वालाचं बिरडं, घावन आणि खीर केली होती. तो अगदी चिमणीसारखा खात होता. मामंजींचा चेहरा उतरला. पलीकडच्या पाटावरून शेजारी पुटपुटले, "वैरणीला तोंड लावत नाय, अण्णा. हे काय खरं नाय." मग मामंजींनी स्वतः उठून आग्रह सुरू केला. खाल्ल्याशिवाय आपली सुटका नाही हे ओळखून तो जो सुटला, की मला घावनाचं पीठ पुन्हा भिजवावं लागलं. मामंजींना कोण समाधान! पान उचलताना त्यांनी शेवटचं विचारलं, "पत्रिका असेल ना तुमची? आयुष्याचा योग बघून घ्यावा म्हणतो."

"वडिलांना विचारून आणतो," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

पुढच्या आठवड्यात दारात एक नाही, दोन दमण्या येऊन उभ्या राहिल्या. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा होत्या. वकील उतरला, त्याचे वडील उतरले, मामा उतरला आणि पैठणी नेसलेली आई उतरली. तिच्या हातात नारळ होता.

सासूबाई गोंधळून आत आल्या. "इतकी माणसं कशाला गं आणली याने?"

बाहेरून मामंजींचा आवाज आला, "बघा, याला म्हणतात वकील! साक्षीदार घेऊनच आलाय!"

पत्रिका पाहून झाली. आयुष्ययोग भरभक्कम निघाला. मामंजींनी ती कपाळाला लावली. ते पाहून वकिलाच्या वडिलांचाही ऊर भरून आला. घसा खाकरून ते म्हणाले, "मग देण्याघेण्याचं काय ते एकदा बोलून घ्यावं. आमची काही अपेक्षा नाही हं."

"छे छे, अपेक्षेचा प्रश्नच नाही. मी सगळं सांगतो," मामंजी म्हणाले आणि बोटांवर मोजत सुरू झाले. "नदीकाठची भाताची खाचरं. वरकस जमीन. आंब्याची सगळी झाडं. म्हशी. हे घर, गोठा, भांडीकुंडी."

"हे सगळं?" वडिलांचे डोळे विस्फारले.

"सगळं. वर जाताना काय बरोबर नेणार आहे?"

मामाने वकिलाच्या पाठीवर हळूच थाप मारली. वडिलांनी डोळे पुसले. "फार मोठं मन आहे आपलं. पण हे द्यायचं कधी?"

"मी डोळे मिटल्यावर!"

"हो का," वडील जरा विचारात पडले. "आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत कशाला द्यायचं? मी जिवंत आहे ना!"

वडील मामाकडे बघू लागले. मग वकिलाच्या आईने विषय सावरला. माजघराकडे बघत ती गोड आवाजात म्हणाली, "ते पुरुष बघतील हो. आधी मुलीला बोलवा."

"कुठल्या मुलीला?" मामंजींनी विचारलं.

आमच्या घरात मुलगीच नव्हती. बायका म्हणून सासूबाई होत्या, मी होते आणि भांडी घासायला येणारी म्हातारी होती. दार उघडंच होतं. वकिलाच्या आईने आत नजर टाकली तर आम्ही तिघी रांगेने उभ्या. तिची नजर माझ्या मंगळसूत्रावर आली, मग सासूबाईंच्या पांढऱ्या केसांवर गेली, मग त्या म्हातारीवर जाऊन थांबली. म्हातारीने घाईघाईने पदर सारखा केला.

तेव्हा सासूबाईंना सगळा उलगडा झाला. त्या तरातरा बाहेर ओटीवर गेल्या. "अहो, लग्न कसलं! मृत्युपत्र करायचंय यांना, मृत्युपत्र!"

वकील ताडकन उठला आणि अंगणात जाऊन गोठ्याकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या वडिलांनी पगडी काढून मांडीवर ठेवली. मामा हसावं की भांडावं या विचारात पडला. आणि त्याची आई! ती नारळासकट आत आली, चुलीपाशी बसली आणि पदर तोंडात कोंबून इतकी हसली की मला तिला पाणी द्यावं लागलं. "तरीच म्हटलं," ती धापा टाकत म्हणाली, "दात कशाला बघितले माझ्या लेकाचे!"

मला त्या मुलाची मात्र फार दया आली. मी यजमानांना खूण केली. ते अंगणात गेले आणि काय झालं ते त्याला सगळं सांगून आले. बराच वेळ तो तिथेच उभा होता. मग पाय धुऊन वर आला, मामंजींच्या समोर बसला आणि पहिल्यांदाच मान वर करून म्हणाला, "बरं. वाटणी कशी करायची म्हणता?"

मामंजींनी दोन मुलांची, म्हणजे यजमानांची आणि माझ्या दिरांची, वाटणी सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली. मग विचारलं, "आणि आईसाहेबांचं काय?"

"तिचं काय? मुलं आहेत की."

"मुलांनी नाही पाहिलं तर?"

यजमान खाली बघू लागले. मी दाराआड उभी होते आणि सासूबाई माझ्या शेजारी. त्यांनी माझा दंड घट्ट धरला. इतक्या दिवसांत हा प्रश्न कोणाच्याच मनाला शिवला नव्हता, माझ्याही नाही. मामंजी बराच वेळ सुपारी चघळत राहिले आणि शेवटी म्हणाले, "लिहा. नदीकाठचं मोठं खाचर तिचं. मागची खोलीही तिची. कोणी हात लावायचा नाही."

सासूबाई आत गेल्या आणि न सांगता घावनांचं पीठ भिजवायला बसल्या.

कागद झाला, साक्षी झाल्या, कचेरीत नोंद झाली. शेजाऱ्यांनी अंगठा उठवला आणि हा वकील आपल्याच पसंतीचा, असं सगळ्या गावाला सांगितलं. मुलाची फजिती आपल्या दारात झाली, म्हणून त्याचं लग्न जमवायचं काम सासूबाईंनी अंगावर घेतलं. कशेळ्याकडच्या त्यांच्या नात्यातली एक मुलगी त्यांनी सुचवली. तिथे मामंजी वरपक्षाकडून गेले होते, आणि मुलीच्या बापाला मुलाच्या आजोबांचं मरण त्यांनीच रंगवून सांगितलं.

मामंजी त्यानंतर पुष्कळ वर्षांनी गेले. जेवून जरा आडवे झाले ते उठलेच नाहीत. तेराव्यानंतर वकील आला. आता त्याला पोट सुटलं होतं. त्याने कागद वाचला. एका आंब्याच्या झाडावरून दीर कुरकुरले, तेव्हा त्याने मामंजींचं म्हणणं काय होतं ते एका वाक्यात सांगितलं आणि दीर गप्प झाले.

त्या वर्षी सासूबाईंनी आपल्या खाचराचं भात स्वतः उभं राहून मळून घेतलं. त्यातलं थोडं विकून त्यांनी आधी एक गाय घेतली. मग आम्हा कोणालाही न विचारता शेजारीणबाईंना बरोबर घेतलं आणि कर्जतहून आगगाडीत बसून नाशिकला गोदास्नानाला जाऊन आल्या.