गिरणीवालीची झोप

माझ्या झोपेवर अख्ख्या गावानं औषध सांगून झालंय. झोप तेवढी कुणाच्या औषधानं आली नाही.

आमचं गाव श्रीरामपूरपासून मोटरसायकलवर अर्ध्या तासावर, चारी बाजूंनी ऊस. घराच्या पुढच्या खोलीत माझी पिठाची गिरणी आहे. दोन वर्षांपासून मला रात्री झोप लागत नाही. दिवा मालवला की डोळे टक्क उघडे. पंख्याची कुरकुर, कुत्र्याचं भुंकणं, लांब डांबरीवरून जाणारा उसाचा ट्रॅक्टर, एकही आवाज सुटत नाही. नवऱ्याला मी मालक म्हणते. मालकांचं म्हणजे पाठ टेकायचा अवकाश, घोरणं सुरू. एकदा रागानं चिमटा काढला, तर कूस बदलून पुन्हा घोरायला लागले.

उपाय मी कमी केले नाहीत. जायफळ उगाळून दुधातून घेतलं, रात्रभर ढेकर देत बसले. तळपायाला तेल लावून काशाच्या वाटीनं घासलं. पाय काळे झाले आणि सकाळी चादर धुवावी लागली. सावेडीला दिलेल्या लेकीनं मोबाईलवर कुठल्याशा बाईचं बोलणं पाठवलं. ती बाई गोड आवाजात सांगते, "डोळे मिटा, तुम्ही समुद्राच्या काठी आहात." मी समुद्र एकदाच पाहिलाय, तिथं माझी एक चप्पल वाहून गेली. रात्रभर ती चप्पलच डोळ्यांपुढून हलेना. शेजारच्या मास्तरीणबाई चर्चला जाणाऱ्या. त्या म्हणाल्या, पडल्या पडल्या सगळ्यांसाठी प्रार्थना करा. केली. लेकीसाठी मागताना तिचं अवघड बाळंतपण आठवलं, जावयासाठी मागताना त्याचं गाडी बेफाम चालवणं. काळजीच वाढली आणि पहाटे उठून मी भांडी घासत बसले.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी आमच्या गिरणीचा एक नेम असतो. दगड झाडून-पुसून घ्यायचे, आधी दोन मुठी भगर दळून ती गुरांना टाकायची आणि मग दिवसभर फक्त उपासाचं दळण. गहू-बाजरीला त्या दिवशी बंदी. यंदा दुपारी माझे डोळे नुसते मिटत होते. कुणीतरी नंतरसाठी ठेवून गेलेला बाजरीचा डबा मी रांगेतलाच समजून दळला आणि त्याच्यामागून उपासाचे चार डबे तसेच काढले. मला पत्ताही नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीतली एक म्हातारी हातात थालीपीठ घेऊनच दारात उभी.

"खाऊन बघ. बाजरी लागती का न्हाई?"

लागत होती.

"आता शंकराला मी काय सांगू? गिरनीवालीला झोप लागंना म्हनून माझा उपास मोडला?"

लाजेनं मला वर बघवेना. त्याच आठवड्यात डुलकी लागली आणि माझा पदर पट्ट्यात गेला. मालकांनी पळत येऊन बटण बंद केलं म्हणून निभावलं. पदर फाटला, मी वाचले.

"झोप येत न्हाई तवर गिरनी बंद," ते म्हणाले. "हात ग्येला म्हंजी?"

त्यांचं चुकत नव्हतं. पण शेत सासऱ्यांचं, घर सासऱ्यांचं, गिरणी तेवढी माझी. ती बंद करून मी दिवसभर काय भिंतीकडे बघत बसू? एका महिन्याची मुदत मागून घेतली आणि श्रीरामपूरच्या डॉक्टरांकडे गेले. मालक सोबत होतेच.

"झोप कधीपासून येत नाही, ताई?" डॉक्टरांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मालकच बोलले. "आदी लई गाढ झोपायची, डॉक्टर. शेतीची लाइट रातीची असायची, तवा मी एक वाजता उसाला पानी भराया जायचो. ही भिंतीकडं तोंड करून गप्प झोपलेली. आता लाइट दिवसा आली, मी घरी झोपाया लागलो, आन् हिची झोप ग्येली. काय कळंना."

माझं डोकंच फिरलं. "तुमी पान्यावर ग्येलात त्या एका बी राती मी झोपले न्हाई!" मी म्हणाले.

आमच्याकडे उसात बिबट्या असतो. रात्री पाण्यावर जाणारा माणूस मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून जातो, म्हणजे जनावर बाजूला होतं. जागी दिसले तर यांचा पाय निघायचा नाही, म्हणून मी डोळे मिटून पडायचे आणि गाणं ऐकत राहायचे. गाणं चालू, म्हणजे माणूस आहे. पहाटे मात्र ते मध्येच बंद पडायचं, आणि दाराची कडी वाजेपर्यंत माझा जीव टांगणीला. इतक्या वर्षांचं हे सगळं मी परक्या डॉक्टरांसमोर एका दमात बोलून टाकलं.

"अगं, घर जवळ आलं की मीच बंद करायचो," मालक म्हणाले. "तुजी झोप मोडू नये म्हनून."

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, संध्याकाळचा चहा बंद करायला सांगितला.

रात्री गोळी घेऊन पडले. बराच वेळ गेला तरी घोरणं ऐकू येईना.

"झोपला न्हाई व्हय?"

"न्हाई." मग ते अंधारातच बोलायला लागले. "एकदा बांधावर बिबट्या म्होरंच बसला हुता. डोळं चमकत हुते. मी तसाच उभा. किती येळ, ठावं न्हाई. मग ग्येला उसात. घरी आलो आन् तुज्या उशाशी बसून ऱ्हायलो, उजाडंपत्तर."

ती रात्र मला आठवत होती. ते उशाशी बसलेत हे मला कळत होतं आणि मी लांब लांब श्वास घेऊन झोपेचं सोंग पुरं करत होते. मला रडू फुटलं. रागही आला, त्यांचा की माझा, कुणास ठाऊक.

"मग मला उठवायचं न्हाई व्हय?"

"कसं उठवू?" ते म्हणाले. "तू किती निवांत झोपली हुतीस."