कराचीचं विमान आणि अणशीचे रनर

टपाल धावत नेणाऱ्या माणसाला वाटेत बोलायला कुणी नसतं, म्हणून तो पोचल्यावर बोलतो. आम्हा रनर लोकांचे किस्से असेच साठले! मी जोयड्याहून अणशीला पिशवी आणायचो, भैरू ती पुढं घाट उतरून कद्र्याला न्यायचा. दोघांच्या हातात घुंगरू बांधलेला भाला आणि दोघांचा एकच वैरी: कराचीचं विमान.

*

ह्या विमानाची बातमी आणली आमचं पोस्ट सांभाळणाऱ्या शाळामास्तरांनी. "टपाल घेऊन सकाळी कराचीहून उडतं, दुपारी मुंबईत उतरतं. मध्ये अहमदाबादला तेवढं थांबतं."

"थांबतंय कशाला?" भैरूनं विचारलं.

"तेल भरायला."

"मग त्यात काय मोठं! आमी कद्र्यापतोर तेल न भरता जातो."

*

मी मास्तरांना विचारलं, एवढं अंतर मला धावत किती दिवस लागतील? त्यांनी फळ्यावर हिशेब मांडला. महिन्याच्या वर आकडा गेला.

भैरू फळ्याकडं बघत म्हणाला, "ह्यो हिशेब वाटेतले वाघ धरून का सोडून?"

मास्तरांनी खडू खाली ठेवला.

*

हे हसण्यावारी गेलं असतं. पण माझ्या बायकोचा, गंगीचा भाऊ परसू कराची बंदरात हमाल होता. शिडीवरून पडला, पाय मोडला, एवढंच कळलं होतं. पंधरा दिवस गंगीच्या घशाखाली घास उतरेना. मग विमानाच्या टपालानं पत्र आलं: पाय जुळला, चालतो आहे.

गंगी रडली, हसली, पाकिटाला हात जोडले. "देवमाणूस हाय बाई त्यो विमानवाला!"

जोयड्यापासून सगळ्या रानातून ते पत्र माझ्या खांद्यावरून आलं होतं! खरं सांगतो, ज्याला कधी बघितलं नाही त्या माणसाचा मला हेवा वाटायला लागला. भाकरी गोड लागेना.

*

पुढच्या खेपेला मी जीव खाऊन धावलो. दोन तास आधी पोचलो, तर शाळेला कुलूप! मास्तर ओढ्यावर आंघोळीला गेलेले. पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसलो.

घागर घेऊन निघालेली गंगी मला बघून थबकली. "विमान बी असंच आधी येऊन बसतंय काय वो?"

*

गंगीची एक रीत होती. मी रानात शिरलो की ती चुलीपाशी मिठाचा एक खडा ठेवायची आणि घरी परतलो की उचलायची.

परसूला तिनं विमानाच्या टपालानंच उत्तर धाडलं. त्या पत्राची पिशवी जोयड्याला पोचवून मी घरी आलो, तर चुलीपाशी दोन खडे! तिनं एक उचलला, दुसरा तसाच ठेवला.

"ह्यो कुणाचा?" माझा आवाज चढला.

"त्या विमानवाल्याचा."

"मग उचल की त्यो बी!"

"कसा उचलू? तुमी आला, त्ये मला दिसलं. त्यो पोचला का न्हाई, मला कोण सांगतंय?"