बोरामच्या गाडीचा आवाज

बोराम गाडीखाली शिरलेली असताना जॅक घसरला, तर ते कुणाला कधी कळेल? गेले चार दिवस हा एकच विचार माझ्या डोक्यातून जात नाही. पोस्टमन तिच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. शेजारचे बांग काका रोज चक्कर मारतात, पण त्यांना कमी ऐकू येतं, आणि बर्फ पडलं की ते घराबाहेर पडत नाहीत. मी सकाळ-संध्याकाळ फोन करते. म्हणजे जास्तीत जास्त बारा तास. बारा तासांत काय काय होऊ शकतं, याचा विचार करत मी भांडी घासते.

बोराम माझी एकुलती एक मुलगी. चौतीस वर्षांची आहे. पियानो सुरात लावून देणं हा तिचा व्यवसाय. इंजेजवळच्या एका डोंगराळ गावात भाड्याच्या घरात एकटी राहते आणि वडिलांची वीस वर्षांची डिझेल गाडी घेऊन घाटापलीकडच्या शाळा, चर्च, म्हाताऱ्या माणसांची घरं अशी फिरते. मी वोंजू शहरात असते. दोन बस बदलून तिच्याकडे जावं लागतं.

उद्या सकाळी नऊ वाजता भंगारवाले ती गाडी उचलून न्यायला येणार आहेत. गाडी गेली की तिची फिरती संपली, आणि फिरती संपली की ती माझ्याकडे राहायला येणार आहे. हे तिने स्वतःहून सांगितलंय. तिचे वडील गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, मी याचीच वाट बघत होते.

ती लहान असताना आमच्या इमारतीतल्या घराघरातली मुलगी पियानोच्या क्लासला जायची. बोरामही गेली. वाजवायला साधारणच होती. तिच्या बाई मला म्हणाल्या, "हिची बोटं आळशी आहेत हो, पण कान कुत्र्याचे आहेत." मला राग आला होता. पण ते खरं होतं. सात वर्षांची असताना एकदा जेवताना म्हणाली, "आज फ्रीज वेगळ्या आवाजात गातोय." आम्ही हसलो. तिसऱ्या दिवशी तो बंद पडला आणि कोबीची सगळी किमची जास्त आंबून फुकट गेली. वडिलांना तिचं फार कौतुक. ते शेतीचे पंप बसवायच्या कामावर गावोगाव फिरायचे, सुट्टीत तिला बरोबर न्यायचे. रेडिओ न लावता दोघं तास न् तास गाडीत बसायची. मधूनच ती सांगायची, "बाबा, मागचं डावं चाक कुरकुरतंय." ते गाडी थांबवून बघायचे. मी कधी बरोबर गेले तर मागे बसलेली असायचे आणि मला काहीही ऐकू यायचं नाही.

पुढे तिने नर्सिंगच्या कॉलेजमध्ये दोन वर्षं काढली आणि एक दिवस ती परतच गेली नाही. प्यो गुरुजी म्हणून एक म्हातारे पियानो लावणारे होते, त्यांची पिशवी उचलत त्यांच्याबरोबर हिंडायला लागली. मी तीन महिने तिच्याशी नीट बोलले नाही. पुढे एका औषधाच्या दुकानदाराशी लग्न ठरलं, तेही मोडलं. का, असं विचारलं तर म्हणाली, "तो चांगला आहे गं. पण तो घरात असला की मला काही ऐकू येत नाही."

प्यो गुरुजींची फिरती त्यांच्यानंतर तिच्याकडे आली, तोवर त्या भागातली निम्मी मुलं शहरात निघून गेली होती. एकेका शाळेत नऊ-नऊ, अकरा-अकरा पोरं. शाळा बंद झाली की पियानो पडवीत ठेवतात आणि एका पावसाळ्यात त्याच्या पट्ट्या फुगतात. तरी तिची काही घरं टिकून आहेत. नाम आजी म्हणून एक आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या लेकीचा पियानो आहे. लेक कॅनडात. वाजवणारं कुणी नाही, पण हिवाळा लागला की त्या बोरामला बोलावतात, कुट्टूच्या पिठाची धिरडी करून ठेवतात आणि ती दोन तास तारा आवळत असते तेवढा वेळ भिंतीला टेकून बसून राहतात. एकदा मी विचारलं, "बोलता काय तुम्ही दोघी?" बोराम म्हणाली, "काही नाही. त्या ऐकतात."

गेल्या शनिवारी मी वर्षाची किमची घालायला तिच्याकडे गेले. एकटीला कितीशी लागते, म्हणून ती नको म्हणत होती. मी तरी कोबीचे तीस गड्डे घातले. रविवारी सकाळी गावच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना वाटायला ती चार डबे हातगाडीवर घालून समाजमंदिराकडे गेली. मी घर आवरलं, मग अंगण झाडलं, मग गाडी आतून पुसायला घेतली. किल्ली फिरवली तर डिझेलचा काटा तळाला टेकलेला. सोमवारी हिला घाट चढायचाय आणि टाकी कोरडी! शेडच्या कोपऱ्यात निळा कॅन होता. तिचे वडील जादाचं डिझेल त्याच निळ्या कॅनमध्ये, त्याच कोपऱ्यात ठेवायचे. त्यांची गाडी, त्यांचा कॅन. मला दुसरा विचारही शिवला नाही. नरसाळं लावलं आणि आत न बघताच दहा-बारा लिटर होतं ते सगळं ओतलं.

संध्याकाळच्या बसने परत निघेपर्यंत तिला सांगितलं नाही. तिच्या घरातल्या कशाला हात लावलेला तिला चालत नाही. "आई, पाहुणीसारखी बस ना जरा," म्हणते. काटा वर गेलेला बघून तिचं तिला कळेल, असं वाटलं. तो काटा दोन वर्षांपूर्वीच मेलाय आणि ती किलोमीटर मोजून डिझेल भरते, हे मला कुठे ठाऊक.

सोमवारी घाटाकडे निघाली आणि पंपापर्यंतही न पोचता अर्ध्या तासात परत आली. सकाळच्या फोनवर म्हणाली, "गाडी ठोकतेय आई. पितळी वाटी कुणीतरी आतून चमच्याने बडवतंय असं. आणि मागे हा पांढुरका धूर, डोळे झोंबतात."

"मेकॅनिककडे दे."

"न्यायची कशी? आधी मी बघते."

मग दोन दिवस ती अंगणात होती. मी व्हिडिओवर फोन केला की ती तो बोनेटखाली बॅटरीला टेकवून ठेवायची आणि मला आभाळाचा तुकडा, तिचा एक कान आणि बांग काकांची टोपी दिसायची. बांग काकांनी चाळीस वर्षं ट्रक चालवलाय. इंजिनाच्या आवाजानेच त्यांचे कान गेले. ते इंजिनावर तळवा ठेवून बघतात.

"अहो बोरामच्या आई," ते फोनमध्ये ओरडले, "तुमच्या लेकीने गाडीची नाडी बघितली, आता जीभ दाखव म्हणतेय."

तिने लाकडी दांड्याचं एक टोक इंजिनावर आणि दुसरं कानामागच्या हाडावर टेकवलं होतं. इंजिन ऑइल बघून झालं होतं, हवेचा फिल्टर झटकून झाला होता. मग तिने ते केलं जे ती रोज करते. पियानोत एकेका सुराला तीन तारा असतात. दोन तारांमध्ये फेल्टची पट्टी खुपसून त्यांना गप्प करायचं आणि तिसरीचं ऐकायचं. इथे चार सिलिंडर. एकाच्या डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची पिन काढली की तो गप्प होतो, मग उरलेल्या तिघांचं ऐकायचं. ज्याला गप्प केल्यावर ठोका थांबेल, तो चोर.

"पहिला काढला. थोडं कमी झालं."

"दुसरा काढ," काका म्हणाले.

"तेवढंच कमी."

"काय?"

"तेवढंच कमी, काका!"

"ओरडू नकोस, ऐकू येतंय मला."

चारही झाले. ती दांडा खाली ठेवून म्हणाली, "चौघंही थोडं थोडं ठोकतायत. कुणा एकाचं काम नाही."

काकांनी हात पुसले. "चौघं एकदम आजारी पडले म्हणजे जेवणातच काहीतरी आलं पोरी. डिझेल कुठे भरलंस?"

"नेहमीच्याच पंपावर. दहा दिवस झाले."

"मग फिल्टरमध्ये पाणी उतरलं असेल. खालून थोडं काढून बघ. मी दवाखान्यात जाऊन येतो, बस चुकेल."

मंगळवारी संध्याकाळी तिने ते काढून काचेच्या ग्लासात घेतलं आणि फोनसमोर धरलं. सर्दीने तिचं नाक चोंदलेलं होतं. "बघ आई. थेंबभर पाणी नाही. किती स्वच्छ आहे."

फारच स्वच्छ होतं. त्यातून तिची बोटं दिसत होती. डिझेल तसं नसतं, ते पिवळसर असतं. नवऱ्याच्या पँटवरचे त्याचे डाग मी वीस वर्षं धुतलेत. आणि रॉकेल कसं दिसतं हेही मला माहीत आहे, माझं सगळं लहानपण रॉकेलच्या शेगडीपुढे गेलंय. त्या निळ्या कॅनमध्ये डिझेल नव्हतंच.

तेवढ्यात ती म्हणाली, "आणि हो, शेडमधला निळा कॅन रिकामा कसा? पाने-पकडी धुवायला जरा रॉकेल हवं होतं."

आता मला वाटतं, त्या वेळी खरं बोलायला एक श्वासही लागला नसता. मी म्हणाले, "मीच स्टोव्हमध्ये घातलं. थंडी वाजत होती."

"दोन दिवसांत एवढं?"

"तू झोपलीस की मी रात्रभर मोठा करून ठेवला."

ती हसली. "माझी आई म्हणजे कारखान्याचा बॉयलर आहे." मग म्हणाली, "सांगायचंस ना गं. मी दुसरा स्टोव्ह आणला असता."

मी तेव्हा घाबरून खोटं बोलले. पण बुधवारी गप्प राहिले ते घाबरून नाही. बुधवारी बांग काकांनी विचारलं, काय निघालं, आणि ती म्हणाली, स्वच्छ आहे. काका म्हणाले, मग बेअरिंग गेलं, आता इंजिनच उघडावं लागेल. गावातल्या मेकॅनिकने फोनवरच सांगितलं, एवढी जुनी डिझेल गाडी कुणी उघडत बसत नाही, शहरात तर तिला बंदीच आहे, भंगारात दे. तिने दिली. आणि मला म्हणाली, "तुझी मागची खोली रिकामी आहे ना? गाडीशिवाय इथे राहून काय करू?"

मी त्या दुपारी खोली आवरली. गादीला नवीन चादर घातली. टाकी उपसून, फिल्टर बदलून, ताजं डिझेल भरलं तर बहुतेक सगळं ठीक होईल, हे मला कळत होतं आणि मी खिडकीचे पडदे धुवत होते. मनात म्हणत होते, गाडी आज ना उद्या जाणारच होती. ती तिथे एकटी पडून राहण्यापेक्षा हे बरं.

आज दुपारी कुरिअर आलं. तिने माझ्यासाठी विजेवर गरम होणारी गादी पाठवलीय. खोक्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीत एकच ओळ, 'आई, थंडी वाजली तर सांगत जा.' मी खोका उघडला नाही.

संध्याकाळी नेहमीसारखा फोन केला. ती फिरतीवरच्या लोकांना फोन करून, आता येणार नाही, असं कळवत होती. सतरा जणांना सांगून झालं होतं.

"नाम आजी काय म्हणाल्या?"

"विचारलं, बस कुठून मिळते. मला वाटलं, मी बसने यावं म्हणतायत. तर म्हणे, तू गेल्यावर तुझ्याकडे यायचं झालं तर." मग म्हणाली, "आई, एक विचारू? काका म्हणतात बेअरिंग. मेकॅनिक म्हणतो बेअरिंग. बेअरिंगचा ठोका खालून यायला हवा, जड, दबका. मला तो वरून येतोय. चारही जागी, एकसारखा, कोरडा. मी चार वेळा ऐकलं. प्रत्येक वेळी तेच."

"मग?"

"मग म्हणजे माझे कान गेलेत. होतं असं, प्यो गुरुजींचंही झालं होतं शेवटी. लोकांच्या पियानोचंही मी असंच काहीतरी करून ठेवलं असेल आणि कुणी बोललं नसेल." अगदी साध्या आवाजात म्हणाली, भाजी महागलीय असं सांगावं तसं. "बरंच झालं. आता निदान सोडायला कारण आहे."

मी म्हणाले, "जेवलीस का?"

त्यानंतर मी हे लिहायला बसले. तिचे कान गेलेले नाहीत. तिने चारही वेळा बरोबर ऐकलं. त्या गाडीत काय बिघडलंय ते तिला एकटीलाच नीट ऐकू आलं, आणि का बिघडलंय ते मला एकटीला ठाऊक आहे. ती इथे आली तर सकाळी माझ्यासमोर बसून भात खाईल, फ्रीजचा आवाज बदलला तरी सांगणार नाही, कारण आपल्याला नीट ऐकू येत नाही अशी तिची समजूत झालेली असेल. आणि ती समजूत मी तशीच राहू दिलेली असेल.

खरं सांगितलं तर ती येणार नाही. टाकी उपसेल, घाट चढेल, जॅक लावून पुन्हा गाडीखाली शिरेल, आणि मी इथे तास मोजत बसेन. माझ्यावर किती दिवस रागावेल, कोण जाणे. लग्न मोडलं तेव्हा मी दोन शब्द जास्त बोलले होते, तर अख्खा उन्हाळा तिने फोन उचलला नव्हता.

ती सहाला उठते, तेव्हा फोन लावला तरी नऊच्या आत कळेल. पण सहापर्यंत मी त्या आवरलेल्या खोलीत एकदा जाऊन आले, तर सकाळी मला पुन्हा काहीतरी कारण सापडेल. तिची झोप मोडली तर मोडू दे. आत्ताच लावते.