किलवरचं डबल

‘डबल’ म्हणून झालं की काका हातातले पत्ते टेबलावर पालथे ठेवत आणि खिडकीतून शिळफाट्याच्या रहदारीकडे बघत बसत. आपल्या चेहऱ्यावरून भिडूला काही कळू नये, म्हणून. “सांगायचं ते सांगून झालं,” एवढंच म्हणत.

नोकरी रसायनीच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत झाली. निवृत्तीनंतर खोपोलीत दर शनिवारी दुपारी ब्रिज. नऊ वर्षं मी त्यांचा भिडू होतो.

ब्रिज न खेळणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. विरुद्ध जोडीतला खेळाडू कधी ‘दोन किलवर’ बोलतो, पण त्याच्याकडे किलवर असतंच असं नाही. तो आपल्या जोडीदाराला त्या बोलीतून प्रश्न विचारत असतो. अशा बोलीला आपल्या भिडूनं डबल दिलं, तर त्याचं म्हणणं असतं: किलवर माझ्याकडे भक्कम आहे, पहिली उतारी त्याचीच कर.

त्यांचं डबल कधी चुकलं नव्हतं. आमच्याविरुद्ध नेहमी खेळणारा चौक गावचा गॅरेजवाला म्हणायचा, “काकांनी डबल दिलं, आता आमचं काय खरं नाय.”

गेल्या दिवाळीनंतर एका शनिवारी त्यांनी डबल दिलं. मी किलवर उतारलं. त्यांच्याकडे किलवरची दोनच पानं निघाली, दुरी आणि पंजी. मला वाटलं, नजरचूक. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच झालं. मग आणखी एकदा. मी कुणाला बोललो नाही. त्यांनाही नाही.

फेब्रुवारीत पुन्हा डबल आलं. या वेळी मी किलवर ठेवून बदाम उतारला. समोरच्यांचा डाव दोन हातांनी बुडाला.

“काय नशीब हाय तुमचं,” गॅरेजवाला म्हणाला.

ते हसले नाहीत. खेळून झालेले आपले तेरा पत्ते त्यांनी उचलून एकेक पाहिले. किलवर दोनच होती.

“मी डबल दिलं होतं.”

“हो, काका.”

“तरी तू बदाम उतारलास. कधीपासून?”

मी म्हणालो, “कधीपासून म्हणजे?”

“माझ्या डबलवर विश्वास ठेवायचं कधी सोडलंस?”

“आजच. पण दिवाळीपासून तीनदा चुकलं होतं.”

त्यांनी पत्ते नीट जुळवले. “मग यांना सांगायचं होतंस. तुला माहीत आणि समोरच्यांना नाही, असं ब्रिजमध्ये चालत नाही.”

ते गॅरेजवाल्याकडे वळले. “माझ्या डबलला हल्ली अर्थ राहिलेला नाही. मला आठवत नाही, मी काय पाहिलं ते. याला ठाऊक होतं, तुम्हाला नव्हतं. हा डाव रद्द धरा.”

“ऱ्हाऊ द्या ना काका. खेळच हाय.”

“खेळ आहे म्हणूनच.”

गुण लिहिलेल्या कागदावर त्या डावावर त्यांनी स्वतः काट मारली. उरलेले सहा डाव आम्ही खेळलो. त्यांनी प्रत्येक वेळी ‘पास’ म्हटलं.

पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. मी घरी फोन केला. काकू म्हणाल्या, “दुसरा भिडू बघ म्हणालेत. कपडे करून बसलेत मात्र सकाळपासून.”

आता ते पुण्याला मुलीकडे असतात. मी शनिवारी खेळायला जातो. ज्याचा जोडीदार आला नसेल, त्याच्यासमोर भिडू म्हणून बसतो.