माणसाआधी तुटणारी दोरी

दुकानात आला की तो आधी दोरीचं टोक ओठांत धरायचा. डोळे मिटायचा आणि दोन ओठांमधून ती हळूहळू ओढत न्यायचा. वीस-पंचवीस हात दोरी अशी गेली की थुंकून म्हणायचा, "खरखर हाय. दुसरी दाखवा." डोळ्यांना न दिसणारा ओरखडा ओठांना कळतो, असं त्याचं म्हणणं. मी त्याला वेडा समजले होते. मग एकदा दुकानात कोणी नसताना मीही ओढून पाहिली. त्याचं खरं होतं.

नागपूरच्या इतवारीत आमचं दोर-सुतळीचं दुकान होतं. नवरा गेल्यावर मी चालवलं. चौथी शिकलेली बाई काय दुकान चालवणार, असं म्हणणारे पुष्कळ होते. ते गेले, दुकान राहिलं. बैलांचे कासरे, बाजेची सुतळी, विहिरीचे दोर आणि तलावांवर मासे धरणाऱ्यांसाठी जाळ्याचं सूत नि गळ. पुढे नायलॉनची दोरी आली. गळाला लावायच्या त्या दोरीला आमच्याकडे तंगूस म्हणतात. ती ठेवायला लागले तेव्हापासून हा माणूस येऊ लागला.

हिंगण्याच्या एका कारखान्यात तो चौकीदार होता. मूळचा कोकणातला, समुद्रावरचा. मेहुणा इथे रेल्वेत, त्याने आणून नोकरीला लावला. आला तेव्हा त्याचं बोलणं अर्धं कळायचं नाही. पाच-सात वर्षांत तोही मले-तुले करायला लागला. लोक त्याला 'समुद्र' म्हणायचे. तो गल्लीत शिरला की शेजारचा भांडेवाला ओरडायचा, "काहून गा समुद्र, आज भरती हाय का ओहोटी?" तो हसायचा नाही, रागवायचाही नाही. "पौर्णिमेले पाह्य," म्हणायचा आणि पायरी चढायचा.

त्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं नव्हती. कारखान्यातला माणूस, बोटं नाहीत, म्हणजे मशीनमध्ये गेली असणार, असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं. फाटकावर बसणाऱ्या चौकीदाराचा हात मशीनमध्ये जाईल कसा, हा विचार कोणी केला नाही. तुम्ही तरी केला असता का?

वर्षातून एकदाच तो दोरी घ्यायचा, आषाढात. बाकी वर्षभर सुट्टीच्या दिवशी नुसता येऊन बसायचा. त्याची बायको गेलेली. एक मुलगा होता, तो कोकणात काकाकडे वाढला आणि मिसरूड फुटल्याबरोबर होडीवर जाऊ लागला. नारळी पौर्णिमा झाली की त्यांच्या होड्या निघतात. त्याआधी बापाने निवडलेली दोरी पार्सलने पोचली पाहिजे, हा नेम.

मी एकदा विचारलं, समुद्र तिकडे आणि दोरी नागपूरची, तिकडे मिळत नाही का?

"मिळते न वं बाई. पण ते म्या पाह्यलेली नसते."

त्यांची मासे धरायची रीत त्याने मला समजावली होती. चालत्या होडीमागे लांब दोरी सोडायची. टोकाला गळ, गळावर पांढरी पिसं. गळाजवळ हातभर तार, कारण सुरमईचे दात दोरी कापतात. होडी चालत राहते, गळ पाण्यात पळतो आणि सुरमईला वाटतं की मासाच पळतो आहे. ती तोंड घालते. मग होडीची ओढ आणि माशाचा जोर दोन्ही एकदम दोरीवर येतात, आणि दोरीचं दुसरं टोक माणसाच्या हातात असतं.

म्हणून त्याची दोरी निवडण्याची तऱ्हा. ओठांतून पास झाली की तो बादलीभर पाणी मागायचा आणि दोरीचा तुकडा त्यात बुडवून ठेवायचा. समुद्रात काय कोरडी राहते का, म्हणायचा. ओल्या तुकड्याला आपली गाठ मारायचा, कारण दोरी मध्ये तुटत नाही, गाठीपाशी तुटते. मग तो तुकडा माझ्या दुकानाच्या आढ्याला बांधून खाली बादली टांगायचा आणि तिच्यात माझ्या तराजूची वजनं एकेक करून ठेवायचा. तीस किलोला दोरी थांबली पाहिजे. पस्तीसला तुटली पाहिजे. तीसच्या आत तुटली तरी नको आणि पस्तीसला नाही तुटली तरी नको. बादली आदळली की अर्ध्या गल्लीला कळायचं, समुद्र आला.

गिऱ्हाईक मजबूत माल मागतं. न तुटल्याबद्दल माल परत करणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. मी कुरकुर केली की त्याचं वाक्य ठरलेलं: "दोरी माणसाआधी तुटली पाह्यजे, बाई."

मनासारखी तुटली की तो तुटलेला तुकडा माझ्या दाराच्या चौकटीतल्या खिळ्याला अडकवायचा. पुढच्या वर्षी हिच्यासारखीच द्या, म्हणायचा. दरवर्षी एक तुकडा. खिळ्याला पांढरी दाढी आल्यासारखी दिसायला लागली.

मला त्याने शिस्तही लावली. मे महिन्यात मी रिळं बाहेर टांगायची, गिऱ्हाइकाला दिसावी म्हणून. त्याने एक दिवस न विचारता सगळी उतरवून आत आणून ठेवली. नागपूरच्या उन्हात दोरी म्हातारी होते आणि तोंडावर दाखवत नाही, म्हणाला. मी म्हटलं, माणसंही होतात. त्यावर तो पहिल्यांदा हसला.

त्याला वाचता येत नव्हतं. मुलाची पोस्टकार्डं मी वाचायची आणि उत्तरंही मीच लिहायची. पार्सलही मीच बांधायची. कापडात शिवायचं, लाख लावायची, पत्ता घालायचा. एवढं सगळं माझ्या हातात होतं, हे ध्यानात ठेवा.

एका वर्षी मुलाचं कार्ड आलं. तेव्हा तो बावीस-तेवीसचा असेल. लिहिलं होतं की बाबा, या वेळी जाड दोरी पाठवा. मागच्या मोसमात दोनदा मोठा मासा लागला आणि दोन्हीदा तुमची दोरी तुटली. होडीवरचे लोक हसतात. बाप घाटावरून सूत पाठवतो म्हणतात.

मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, "लिवा, दोनदा तुटली, बेस झालं." आणि नेहमीसारखी बादली मागितली.

मला मुलाचं पटलं. माझ्याकडे त्याच आठवड्यात मुंबईचा नवा माल आला होता. जाड, काचेसारखा साफ, ओठांना लोण्यासारखा. तो गेल्यावर मी त्याचा तुकडा आढ्याला बांधून दुकानातली होती नव्हती ती सगळी वजनं बादलीत घातली. तुटला नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट आहे, पोराचं नुकसान होतं आहे. बापाने निवडलेलं रीळ मी बाजूला ठेवलं आणि नवं शिवून टाकलं. किंमत जुनीच लावली. पार्सल गेलं. त्याला सांगितलं नाही. मोठा मासा लागल्याचं कार्ड येईल तेव्हा सांगीन, असा विचार होता. मला कळतं असं मला वाटलं, एवढंच त्याचं कारण. दुसरं शोधू नका.

पंधरा-वीस दिवस गेले. सुट्टीचा दिवस होता, तो दुकानात बसला होता. अंबाझरी तलावावर मासे धरणारं एक ओळखीचं गिऱ्हाईक आलं आणि मोठ्या कटला माशासाठी दोरी मागू लागलं. मी तोच नवा तंगूस दाखवला. त्याने जोर पाहायला तो तळहाताभोवती दोन वेढे गुंडाळला आणि खेचला.

आमचा माणूस उठला आणि त्याने त्या गिऱ्हाइकाचं मनगट धरलं. वेढे सोडवले. दोरी हिसकून जमिनीवर टाकली. इतक्या वर्षांत त्याचा चढलेला आवाज मी तेव्हाच ऐकला.

"हातावर गुंडाळू नको. कधीच नको. हे पाह्य." आणि दोन बोटं नसलेला हात त्याच्यापुढे धरला.

मग त्याने सांगितलं. आधी ते सुती दोरी वापरायचे. मोठा मासा लागला की ती तुटायची, मासा जायचा, माणूस शिव्या देत घरी यायचा. मग नायलॉन आलं. गावात पहिली नायलॉनची दोरी यानेच आणली, सगळ्यांत जाड. मासा लागला तेव्हा ओढायला सोपं जावं म्हणून हातावर वेढा घेतला होता. होडी पुढे, मासा मागे. दोरी तुटली नाही. बोटं गेली, आणि बोटं गेली म्हणून तो होडीत राहिला. नाहीतर अख्खा पाण्यात गेला असता.

"सुती असती तं तुटली असती," तो म्हणाला. "मासा गेला असता. बस."

गिऱ्हाईक काही न घेता गेलं. मी हातात कात्री घेऊन उभी होते. ती खाली ठेवली आणि सांगून टाकलं. फिरवून सांगितलं नाही. मी रीळ बदललं, तुमचं रीळ हे इथे आहे, पोराकडे ही दोरी गेली.

मला वाटलं होतं ओरडेल. त्याने जमिनीवरची दोरी उचलली आणि ओठांतून ओढली. मग विचारलं, "मधात गाठ हाय का?"

मी म्हटलं, नाही.

"एकही नाही?"

त्याला काय हवं होतं ते मला कळलं. कुठे जोड असता तर तिथे तरी तुटली असती. पण मी अखंड दिली होती. चांगला माल म्हणून निवडून.

आम्ही दोघं पोस्टात गेलो. तार केली की दोरी वापरू नको, बाप येत आहे. पौर्णिमा दुसऱ्याच दिवशी होती. तो तिथूनच स्टेशनवर निघाला. कारखान्यात कळवलं नाही, खोलीवरही गेला नाही. दुकानात परत आले आणि आढ्याला बांधलेला त्या जाड दोरीचा तुकडा तसाच होता, तो सोडला.

महिना गेला. मी रोज पोस्टमनची वाट पाहायची आणि तो आला की आत जायची. शेवटी कार्ड आलं. मुलाचंच, पण अक्षर वाकडंतिकडं.

लिहिलं होतं, तार पोचली तेव्हा होडी निघून गेली होती. मासा लागला, दोरीचा वेढा उजव्या हाताला बसला. बरोबरच्या माणसाने कोयत्याने दोरी कापली म्हणून मी आहे. एक बोट गेलं, बाकी हात शाबूत आहे. बाबा तिसऱ्या दिवशी आले. आता इथेच राहतील. मग खाली ओळ होती: बाबा सांगतात की बाईंना लिही, दोरी चांगली होती, कुठेच तुटली नाही.

ती ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. टोमणा असेल का? पण टोमणा मारणारा माणूस नव्हता तो. दोरी कशी निघाली ते तो दरवर्षी मुलाला कळवायला सांगायचा, तसंच या वर्षीही कळवलं होतं. दोरीबद्दल त्याला खोटं बोलता येत नव्हतं, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

कार्ड उलटलं तर पत्त्याच्या बाजूला अजून दोन ओळी दाटीवाटीने लिहिल्या होत्या. पुढच्या आषाढात जुन्यासारखी दोरी पाठवा. ओठांतून काढून पाठवा.

मी पाठवली. ओठांतून ओढली, पाण्यात बुडवली, त्याची गाठ आठवून आठवून मारली, बादली टांगली. तीसला थांबली, पस्तीसला तुटली. बादली आदळली तेव्हा शेजारचा भांडेवाला सवयीने ओरडला, "समुद्र आला का गा?" मग त्यालाच आठवलं, आणि तो आपल्या भांड्यांकडे वळला.

अशी सात वर्षं पाठवली. आठव्या वर्षी मुलाचं कार्ड आलं की बाबा माघात गेले. निजल्या जागी गेले, पाण्यात नाही. दोरी मात्र पाठवत राहा. त्यानंतरही चार वर्षं पाठवली, मग माझ्या गुडघ्यांनी दुकान सोडायला लावलं.

दुकान घेणाऱ्याने चौकट काढली तेव्हा खिळा माझ्या हातात आणून दिला, तुकड्यांसकट. हे काय आहे, विचारत होता. दोरीचे नमुने आहेत म्हटलं. आता तो खिळा माझ्या खाटेजवळच्या भिंतीत आहे. काही तुकडे त्याच्या हातचे, काही माझ्या हातचे. आता कोणते कोणाचे ते मलाही ओळखू येत नाही. त्या जाड दोरीचा तुकडा त्यात नाही. या खिळ्यावर तुटलेलीच दोरी टांगायची, आणि ती तुटली नव्हती.